एन१०० मिनी पीसीवर घरचे कॅमेरे: काम फक्कड, पण लाईट गेली की डबा उठत नाही

वळवाचा पाऊस आला, रात्रीतून लाईट दोनदा गेली-आली, आणि सकाळी बघतो तर रेकॉर्डिंग शून्य. कॅमेरे उठले, राउटर उठला, मिनी पीसी मात्र निवांत. त्याचं बटण हाताने दाबावं लागतं. घरी कुणी नसताना राखण करायला आणलेली वस्तू चालू करायला घरी कुणीतरी पाहिजे, हे मला काही केल्या पचेना.

तक्रार एवढी एकच आहे, म्हणून बाकीचं आधी उरकतो.

जुळे सोलापुरात बैठं घर, चार आयपी कॅमेरे, १६ जीबी रॅमचा एन१०० (इंटेलची कमी वीज खाणारी चिप असलेला मिनी पीसी) आणि त्यावर फ्रिगेट, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारं आणि चित्रातला माणूस एआयने ओळखणारं सॉफ्टवेअर. घेण्याआधी ज्याला विचारावं तो म्हणायचा, एआय आहे म्हणजे ग्राफिक्स कार्ड लागणारच. कशाला? फ्रिगेट काही चारही चित्रं चोवीस तास ओळखणाऱ्या एआय मॉडेलपुढे धरत नाही. आधी हालचाल कुठे झाली ते पाहतं आणि तेवढाच तुकडा बारीक करून मॉडेलला देतं. तोही सबस्ट्रीममधला, म्हणजे कॅमेरा जे दुसरं, कमी दर्जाचं चित्र पाठवतो त्यातला, सेकंदाला ५ फ्रेमच्या हिशोबाने. मेनस्ट्रीम, म्हणजे पूर्ण दर्जाचं चित्र, जशीच्या तशी हार्ड डिस्कवर जाते, तिला कुणी हात लावत नाही. एन१००च्या अंगच्याच ग्राफिक्सवर ओपनव्हिनो (इंटेलच्या चिपवर एआय मॉडेल चालवणारं सॉफ्टवेअर) लावलं की साध्या मोबाइलनेट मॉडेलची एक तपासणी १५ मिलिसेकंदांच्या आसपास होते. चार कॅमेऱ्यांना हे पोटभर झालं. गूगलचं कोरल, म्हणजे एआयचं काम करणारी वेगळी छोटी चिप, एके काळी जो तो सुचवायचा, २ वॅटमध्ये ४ टॉप्स (सेकंदाला ४ लाख कोटी गणितं) म्हणून. आता फ्रिगेटवालेच नव्याने बसवणाऱ्यांना ते घ्या म्हणत नाहीत. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर पडून असेल तर त्याला जोडायला ठीक, इंटेलच्या डब्याला वेगळा खर्च कशाला?

आणि लाईट बिल. प्लगमध्ये वॉटमीटर लावून पाहिलं, १५ वॅटच्या पुढे क्वचित जातं. महिन्याला फार तर ११ युनिट. भावाचा जुना टॉवर कॉम्प्युटर फुकट मिळत होता, पण तो नुसता बसून ६० वॅट ओढायचा, म्हणजे महिन्याला ४३ युनिट. आमचं घर महावितरणच्या १०० युनिटच्या कडेवर असतं, आणि त्यापुढचा दर सगळ्यांना माहीत आहे. फुकटचा टॉवर भावाकडेच राहिला.

गंमत झाली ती चादरीची. मागच्या अंगणात दोरीवर चादर वाळत घातलेली राहिली आणि वारा सुटला की रात्री मोबाईलवर 'पर्सन, पर्सन' सुरू. हिने एकदा काठी घेऊन दार उघडलं. थ्रेशोल्ड, म्हणजे माणूस म्हणायला किती खात्री लागते तो आकडा, वाढवला तर खरी माणसंही सुटायला लागली. उपाय निघाला तो ऑब्जेक्ट मास्कचा, म्हणजे चित्राच्या ठरावीक भागात काही ओळखलं तरी सोडून द्यायला सांगायचं. फ्रिगेट ओळखलेल्या वस्तूभोवती चौकट आखतं आणि तिच्या खालच्या कडेचा मध्यबिंदू मास्कमध्ये आहे का ते बघतं. चादरीची खालची कड जमिनीपासून चांगली वर असते, माणसाचे पाय फरशीवर. म्हणून फक्त दोरीपासून चादरीच्या खालच्या कडेपर्यंतचा पट्टा मास्क केला. आता चादर कितीही फडफडू दे, आणि दोरीखालून माणूस गेला तर नोंद होते. हे असं बारीक काम तयार डीव्हीआरमध्ये मला तरी कधी करता आलं नव्हतं.

आता मूळ दुखणं. घरात इन्व्हर्टर आहे, तरी डबा बंद का पडायचा? इन्व्हर्टर साध्या मोडवर होता. त्यात बॅटरीवर जाताना जो झटका बसतो, तो पंख्याला कळत नाही, कॉम्प्युटरला कळतो. मागचं बटण यूपीएस मोडवर टाकलं आणि प्रश्न मिटला असं धरून चाललो. मग एप्रिल उजाडला. यूपीएस मोडला व्होल्टेज साधारण १८० ते २६० लागतं. आमच्याकडे संध्याकाळी सगळ्या गल्लीचे कूलर एकदम लागले की ते खाली येतं, मग लाईट असूनही सगळं घर बॅटरीवर. बॅटरी आटली, पंखे थांबले, डबाही बंद. घरच्यांनी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

म्हणजे डब्यानेच लाईट आल्यावर आपोआप उठायला हवं. कंपनीच्या कस्टमर केअरला मेल केला. आधी म्हणाले विंडोज परत टाका. विंडोज नाहीच, लिनक्स आहे, म्हटलं तर म्हणाले वॉरंटी बघावी लागेल. मग लेखी उत्तर आलं की या मॉडेलमध्ये अशी सोय नाही. राउटरवरून वेक ऑन लॅन, म्हणजे नेटवर्कवरून उठवायचा संदेश पाठवून पाहिलं. झोपलेला डबा उठतो, पण वीज पूर्ण तुटल्यावर ढिम्म.

शेवटी गल्लीतल्या रिपेअरिंगवाल्या पोराकडे नेला. त्याने बायोसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) चिपसेट, त्यात पीसीएच-आयओ कॉन्फिगरेशन असं उघडलं आणि म्हणाला, "काका, हितंच हाय की." 'स्टेट आफ्टर जी३', म्हणजे वीज पूर्ण तुटून परत आल्यावर काय करायचं, अशी ओळ होती. तिथे 'एस५' (बंदच राहा) होतं, त्याने 'एस०' (चालू हो) केलं. पैसे घेईना, चहा पाजला. घरी येऊन प्लग काढला, घातला, दिवा लागला. इन्व्हर्टर परत साध्या मोडवर. आता लाईट गेली की एक-दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग बुडतं, ते चालतंय.

डब्याला चार तारे. पाचवा कस्टमर केअरने खाल्ला. घेणार असाल तर दुकानातच चालू डब्याचा प्लग उपटायला लावा, परत घालायला लावा आणि बटणाला हात न लावता उठतो का बघा. दुकानदार कुरकुरला तर ऑफिसातून निघालेला आठव्या पिढीच्या इंटेलचा जुना छोटा पीसी शोधा. ओपनव्हिनो त्यावरही चालतं, आणि लाईट परत आल्यावर काय करायचं ते त्यांच्या बायोसमध्ये बहुधा सरळ वाचता येईल असं लिहिलेलं असतं.