धुळीतल्या शिशाची तपासणी : दोन्ही प्रकारची किट काही महिने वापरल्यावर

शिसं असू शकेल अशा जुन्या तैलरंगाच्या लाकडी खिडक्या आणि रांगणारं बाळ एकाच घरात आहेत, म्हणून ही तपासणी सुरू केली. बाजारात दोन तऱ्हेची किट मिळतात. दोन्ही वापरून झालीत.

झटपट स्वॅब, म्हणजे रसायन असलेली काडी, तिच्याबद्दल थोडक्यात सांगते. रंगावर घासल्यावर तिचं टोक गुलाबी-लाल झालं की शिसं आहे. पण किती आहे ते कळत नाही, आणि धुळीला प्रश्न असतो तो ‘किती’चाच. जिप्समच्या प्लास्टरवर सल्फेट आडवं येतं आणि शिसं असूनही रंग उमटत नाही. मुळात रंगच लाल असेल तर बघायचं तरी काय? खिडकीच्या रंगात शिसं आहे का, एवढ्यापुरता स्वॅब ठीक. धुळीसाठी घेऊ नका.

कामाचं आहे ते वाइप किट, म्हणजे ओल्या वाइपने धूळ टिपून लॅबला पाठवायची. फरशीवर चिकटपट्टीने फूटभर लांब-रुंद चौकोन आखायचा. नवे हातमोजे घालून वाइप नागमोडी फिरवायचा, मळकी बाजू आत घेऊन घडी घालायची, मग आडव्या दिशेने पुन्हा, आणि शेवटी कडा-कोपरे. वाइप थेट नळीत टाकून झाकण लावायचं. पुढच्या जागेसाठी हातमोजे बदलायचेच. एक कोरा वाइपही नळीत घालून पाठवा. त्यात शिसं निघालं तर गडबड वाइपमध्ये किंवा हाताळणीत आहे. बाळाचे साधे वाइप वापरून पैसे वाचवायचा मोह होतो, पण त्यांतले काही लॅबच्या आम्लात नीट विरघळत नाहीत. किटमधलेच वापरा.

खिडकीच्या खाचेत, म्हणजे पल्ला बसतो त्या खोबणीत, चौकोन बसत नाही. तिथे लांबी-रुंदी मोजून लिहावी लागते, आणि माप चुकलं की आकडाही चुकतो, कारण रिपोर्ट येतो मायक्रोग्रॅम प्रति चौरस फूट असा. माझ्या किटच्या माहितीपत्रकात यावर जेमतेम एक ओळ होती. तक्रार आहे ती इथे. दुसरी तक्रार म्हणजे तुलनेसाठी छापलेल्या मर्यादा जुन्या होत्या. अमेरिकेच्या ईपीएने (तिथली सरकारी पर्यावरण संस्था) ऑक्टोबर 2024 मध्ये, शिशाचा रंग हटवण्याचं काम झाल्यानंतर घरातल्या धुळीत किती शिसं चालेल याचे आकडे उतरवले : फरशी 10 वरून 5, खिडकीचा कट्टा 100 वरून 40, खाच 400 वरून 100. मिठाचा बारीक दाणा साधारण 50-60 मायक्रोग्रॅमचा असतो, यावरून 5 म्हणजे काय ते बघा. डोळ्यांना स्वच्छ दिसणारी फरशी यात नापास होऊ शकते.

आमची फरशी मर्यादेत निघाली. खाच मात्र कितीतरी वर. पल्ला वरखाली होताना रंग रंगावर घासतो आणि त्याचं पीठ खाचेत साठतं. बोट फिरवलं तर राखाडी, किंचित खरखरीत. झाडूने ते घरभर उडतं, म्हणून आता आधी हेपा (अगदी बारीक कणही अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूम, मग साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं, आणि ते फडकं परत बादलीत न बुडवता फेकून देणं. त्यानंतरच्या नमुन्यात आकडा छान उतरला. काही आठवड्यांनी पुन्हा चढला. पैसे वसूल झाले ते या तिसऱ्या रिपोर्टमुळे, कारण पुसणं पुरत नाही, पल्लेच बदलावे लागणार, हे त्यातूनच कळलं.

व्हॅक्यूमच्या पिशवीतली धूळही काही लॅब तपासतात. तो आकडा पीपीएममध्ये, म्हणजे धुळीच्या दहा लाख भागांत शिशाचे किती भाग असा, येतो आणि वरच्या मर्यादांशी जुळवता येत नाही. घरात धूळ कमी असली तरी पीपीएम जास्त येऊ शकतो. मी त्या फंदात पडले नाही. बाळाच्या अंगात शिसं गेलंय का, हे तर कुठलंच किट सांगत नाही. त्याला रक्ततपासणीच लागते, ती डॉक्टरांना विचारून वेगळी करून घेतली.

उरलेल्या नळ्या पल्ले बदलल्यानंतरसाठी ठेवल्यात. तेव्हा शेवटची साफसफाई झाल्यावर निदान तासभर धूळ बसू द्यायची, मगच वाइप.