सिअर्सची रायफल, 'आतून जुनी विंचेस्टर' आणि माझे ६५० डॉलर

पेनसिल्व्हेनियात किंवा आसपास कुणी पहिली रायफल सेकंडहँड घ्यायच्या विचारात असेल तर हे वाचा, मी लाज बाजूला ठेवून लिहितोय. बायकोला अजून खरा आकडा सांगितलेला नाही.

मी मूळचा चंद्रपूरचा. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकारीचा विषयच संपला, त्यामुळे आजोबांच्या गप्पांपलीकडे बंदुकीतलं मला शष्प कळत नव्हतं. ग्रीन कार्ड आल्यावर कामावरच्या मित्राने डिअर कॅम्पला चल म्हणून पिच्छा पुरवला, मग हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, लायसन्स काढलं, नारिंगी जॅकेट आणलं, राहिली फक्त रायफल. सीझन थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो आणि हातात तीन आठवडे. मित्र म्हणाला नवीन कशाला घेतोस, दुकानाच्या नावाची जुनी बोल्ट अ‍ॅक्शन (बोल्ट म्हणजे दांडा, हाताने मागेपुढे करून काडतूस भरायचं) बघ, माल तोच आणि भाव निम्मा.

ते खरंही आहे. सिअर्स, माँटगोमरी वॉर्ड ही दुकानं पूर्वी रायफली स्वतः बनवत नव्हती, मोठ्या कंपन्यांकडून करून घ्यायची आणि वर आपलं नाव टाकायची. सिअर्सची जे. सी. हिगिन्स मॉडेल ५० घ्या, आत बेल्जियमच्या एफएन कंपनीची माउझर पद्धतीची अ‍ॅक्शन, म्हणजे काडतूस भरणारी-उडवणारी यंत्रणा, आणि नळीला आतून क्रोम. पुढे सिअर्सने बेसबॉलवाल्या टेड विल्यम्सच्या नावाने माल विकला, त्यातली मॉडेल ५३ विंचेस्टरने बनवलेली.

मला नेमकी ही ५३च दिसली, कॅलिबर .३०-०६. विकणारा साठीचा, बोलायला एकदम गोड. गॅस स्टेशनच्या पार्किंगमध्ये भेटलो, रविवार, वर पाऊस भुरभुरत होता. त्याने नळीवरचा नंबर दाखवला, २७३ ने सुरू होणारा, म्हणे सिअर्सच्या भाषेत २७३ म्हणजे विंचेस्टर. मी तिथेच फोनवर शोधलं तर बरोबर निघालं! इथेच मी गळाला लागलो, कारण एक गोष्ट खरी निघाली की माणूस पुढच्या चार तपासतच नाही. मग हळूच म्हणाला, "ही साधी नाही, ही प्री-सिक्स्टीफोर आहे, फक्त नाव सिअर्सचं म्हणून ६५०."

आता हे प्री-सिक्स्टीफोर म्हणजे काय ते सांगतो. विंचेस्टरने मॉडेल ७० ही रायफल (माझी ५३ आतून तीच, असा त्याचा दावा) १९३६ ला आणली आणि १९६४ ला खर्च वाचवायला तिची रचना बदलली, लोक भडकले, तेव्हापासून आधीच्या रायफलींना वेगळाच भाव. चांगल्या स्थितीतली हजाराच्या वर सहज जाते. साधी सिअर्स ५३ मी नंतर तीन-चारशेला बघितली.

मी म्हटलं जवळच्या गनस्मिथला दाखवू, तर म्हणाला आज रविवार, बंद आहे, आणि उद्या सकाळी दुसरा माणूस बघायला येणार आहे. इथे राज्यातल्या राज्यात दोन माणसांत रायफल विकायला दुकानामार्फत जावं लागत नाही (हँडगनला लागतं), त्यामुळे मधे तिसरा माणूसच नाही. बोल्ट तो स्वतःच मागेपुढे करून दाखवत होता, "बघ किती स्मूथ", पण बाहेर काढून माझ्या हातात एकदाही दिला नाही. हे मला घरी येऊन सुचलं. पावती मागितली तर एका चिठोऱ्यावर तारीख, रक्कम आणि 'जशी आहे तशी' एवढं लिहून सही ठोकली.

सोमवारी मित्राकडे नेली. त्याने बोल्ट उपसला आणि पाच सेकंदांत हसायलाच लागला, म्हणाला, "अरे, क्लॉ कुठाय?" जुन्या मॉडेल ७० च्या बोल्टला उजव्या बाजूने एक लांब पोलादी पट्टी असते, पुढे नखासारखी, ती काडतुसाची कड धरते. ती लांबूनही दिसते हो, आंधळ्यालाही चाचपून कळेल. माझ्या बोल्टला तोंडाशी छोटासा तुकडा, म्हणजे १९६४ नंतरची पद्धत.

तेवढ्यावर भागलं असतं तर भाव चुकला म्हणून गप्प बसलो असतो. गनस्मिथने लाकडी दस्ता वेगळा केला तेव्हा मनगटाच्या जागी, पकड असते ना तिथे, आरपार भेग होती, आत इपॉक्सी भरलेलं आणि वरून रंग मारून पॉलिश. हे चुकून होत नाही. पावसातल्या उजेडात मला काय दिसणार कपाळ! नळी मात्र ठीक निघाली, हेडस्पेसही (काडतूस आत बसल्यावर बोल्टपाशी उरणारी जागा) गेज लावून तपासला, बरोबर आहे. दुसरा दस्ता, मजुरी वगैरे धरून वर २४० गेले.

विकणाऱ्याला फोन केला तर पहिल्यांदा म्हणाला मलाही तसंच सांगितलं होतं, दुसऱ्यांदा म्हणाला 'जशी आहे तशी' वर तूच हो म्हणालास, तिसऱ्यांदा फोन लागलाच नाही. सीझनला मित्राची जास्तीची .३०८ कॅलिबरची रायफल घेऊन गेलो, हरीण दिसलं ते शेजारच्याला.

मागच्या आठवड्यात जाहिराती चाळत होतो, हल्ली सवयच लागलीये. एक वेस्टर्न फील्ड दिसली, वॉर्डवाली, खाली लिहिलेलं 'आतून वेगळीच चीज आहे', आणि रायफल ठेवलेली ती हिरवी चौकड्यांची चादर माझ्या रायफलीच्या फोटोतली. बायकोच्या अकाउंटवरून विचारलं, बोल्ट बाहेर काढून त्याच्या तोंडाचा फोटो पाठवाल का? मेसेज वाचल्याचं दिसतंय, फोटो अजून आलेला नाही.