फोमवाला कूलिंग पॅड: गेमिंगमध्ये लॅपटॉप तापत असेल तर घ्यावा का?

सरळ मुद्द्यावर येतो. गेम सुरू करून थोडा वेळ झाला की कीबोर्ड इतका तापतो की डब्ल्यू ए एस डी (गेममध्ये हालचाल करायची बटणं) वर बोटं ठेववत नाहीत, एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात तो आकडा) मधेच धपकन पडतात, मग परत वर जातात, परत पडतात, हे ज्यांच्याकडे चालू आहे त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. बाकीच्यांनी पैसे वाचवा.

मी वापरतोय तो फोमवाला पॅड. चारी बाजूंनी जाड फोमची पट्टी आणि मधे एक मोठा ब्लोअर. लॅपटॉप वर ठेवला की वजनाने फोम दबतो, बाजूने हवा निसटायला जागाच राहत नाही आणि सगळी हवा खालच्या जाळीतून आत घुसते. नेहमीचे ते चमकणारे लाईटवाले पॅड असतात ना, चार-पाच छोटे फॅनवाले, त्यात आणि यात जमीन अस्मानाचा फरक आहे. ते पॅड लॅपटॉपच्याच यूएसबीवर चालतात आणि साधा यूएसबी 2.0 पोर्ट देतो 5 व्होल्टला 500 मिलीअँपिअर, म्हणजे जेमतेम अडीच वॅट, त्यात किती हवा येणार, आणि जी येते ती पण अर्धी बाजूने निघून जाते. या पॅडला वेगळा 12 व्होल्टचा अडॅप्टर आहे, त्यामुळे हवेला खरंच जोर आहे.

आता आकडे. एकच गेम, त्याच सेटिंग्ज, एकच मॅप आणि मागे एचडब्ल्यूइन्फो (टेंपरेचर वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवलेलं. पॅड नसताना सीपीयू (मुख्य प्रोसेसर) सारखा 97-98 डिग्रीला जाऊन टेकत होता आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या ओळीत लाल 'येस' दिसत होतं. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप चिपची मर्यादा 100 डिग्री असते, त्याच्या जवळ गेलं की चिप स्वतःला वाचवायला स्पीड कमी करते आणि आपल्याला वाटतं गेमच अडकतोय. पॅड लावल्यावर सीपीयू 85 च्या आसपास राहिला, जीपीयू (ग्राफिक्स चिप) 86 वरून 75 वर आला आणि ते लाल 'येस' गेलं ते गेलंच. मला सगळ्यात जास्त आनंद याचा झाला, कारण सरासरी एफपीएस फार वाढले नाहीत पण मधेच जे झटके बसायचे ते बंद झाले, आणि गेम खेळताना खरा त्रास त्या झटक्यांचाच असतो.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, काही जणांचं टेंपरेचर पॅड लावूनही तेवढंच दिसतं आणि ते लगेच पॅड बेकार म्हणून परत करतात. अहो, आधी वॅट आणि क्लॉक (चिपचा वेग) बघा ना! बरेच लॅपटॉप थंड हवा मिळाली की जास्त पॉवर ओढतात, म्हणजे टेंपरेचर तेवढंच पण चिप जास्त वेगाने चालतेय, हा फायदाच आहे.

आवाज. यावर खोटं बोलणार नाही, फुल स्पीडला हा पॅड असह्य आहे. हेडफोन लावून आपल्याला चालून जाईल पण माइकमधून समोरच्यांना घोंघाट जातो आणि घरात कोणी झोपलेलं असेल तर विसरा. मी साधारण निम्म्याच्या थोडं वर ठेवतो, त्याच्या पुढे नेलं तर फक्त एक-दोन डिग्रीचा फरक पडतो आणि आवाज मात्र दुप्पट वाटतो. दुसरं म्हणजे उंची, लॅपटॉप बराच वर उचलला जातो आणि मनगट दुखतं, वेगळा कीबोर्ड असेल तरच आरामात खेळता येतं.

खाली एक जाळीचा फिल्टर आहे, तो निघतो आणि धुता येतो, हे फार बरं केलंय. काही आठवड्यांनी काढून बघितला तर त्यावर राखाडी गादीसारखा थर बसला होता, नखाने ओढला तर अख्खा पापुद्रा निघून आला. फिल्टर नसता तर हे सगळं लॅपटॉपच्या हीटसिंकमध्ये (चिपची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) गेलं असतं, त्यामुळे बिनफिल्टरचा पॅड अजिबात घेऊ नका.

आता ज्यांना याचा उपयोग होणार नाही ते. गेम सुरू होऊन काही सेकंदांतच टेंपरेचर 95 च्या वर उडी मारत असेल तर पॅड काही करू शकणार नाही, तिथे उष्णता चिपमधून हीटसिंकपर्यंतच पोचत नाहीये, थर्मल पेस्ट (त्या दोघांमधला उष्णता पोचवणारा लेप) वाळलीय किंवा बाजूला सरकलीय. ती बदलून घ्या, पीटीएम7950 ची शीट (पेस्टऐवजी लावतात ती) मिळाली तर अजून छान, ती पेस्टसारखी बाजूला सरकत नाही म्हणून जास्त टिकते. लिक्विड मेटल (पेस्टऐवजी लावतात तो पातळ धातू) घरी लावायच्या भानगडीत पडू नका, त्यात गॅलियम असतं, ते ॲल्युमिनियम खातं आणि बोर्डवर सांडलं तर शॉर्ट. याउलट टेंपरेचर पाच-दहा मिनिटांत हळूहळू चढत असेल तर प्रॉब्लेम हवेचा आहे आणि तिथे हा पॅड मस्त चालतो.

आणि पैसे घालायच्या आधी फुकटचं करून बघा. लॅपटॉपची मागची बाजू दोन बोटं उचला, तेवढ्यानेही काही डिग्री उतरतात. फॅनमधली धूळ काढा, फक्त हवा मारताना पातं बोटाने किंवा काडीने धरून ठेवा, नाहीतर जोरात फिरून बेअरिंग जातं. गेमला एफपीएसची लिमिट लावा. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट 99 टक्के केलं की टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो आणि सीपीयू लगेच खाली येतो, ज्या गेमला जीपीयूच जास्त लागतो तिथे फरक जाणवतही नाही. अंडरव्होल्ट (चिपला थोडं कमी व्होल्टेज देणं) उत्तम, पण 2019 च्या प्लंडरव्होल्ट (व्होल्टेज बदलून इंटेल चिपवर हल्ला करता येण्याची त्रुटी) प्रकरणानंतर बऱ्याच कंपन्यांनी ते बायोसमधून (लॅपटॉपचं मूळ सॉफ्टवेअर) लॉक केलंय. टचपॅड वर उचललेला किंवा खालचं कव्हर फुगलेलं दिसलं तर मात्र खेळणं तिथेच थांबवा, बॅटरी फुगली असण्याची दाट शक्यता आहे, पॅड वगैरे नंतर.

माझ्याकडून 5 पैकी 4, एक स्टार आवाज आणि उंचीमुळे कापला. ऑर्डर करायच्या आधी लॅपटॉप उलटा करून खालच्या जाळ्या कुठे आहेत ते बघा आणि पट्टीने मोजा, जाळ्या फोमच्या रिंगच्या आत आल्या पाहिजेत. 14 इंचाच्या लॅपटॉपला मोठी रिंग घेतली तर फोम बाहेरच राहतो आणि हवा तशीच निसटते. गरम हवा बाजूने सोडणारा लॅपटॉप असेल तर फोमने ते तोंड झाकलं जात नाही ना हेही बघून घ्या.