कानाचं पुस्तक, डोळ्याचं पुस्तक: इंदूरच्या मराठी घरात मुलांसाठी काय घ्यावं?

"मावशी, पोराला एखादं छान मराठी पुस्तक सुचव ना. वाढदिवस आहे." असा फोन वर्षातून दोन-तीनदा येतोच, कधी भाचीचा, कधी शेजारच्या वहिनींचा. मूल पहिली ते आठवीच्या मधलं. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी. पूर्वी मी लगेच नावं सांगायचे. आता आधी विचारते, "वाचणार कोण? तो, की तू त्याला?"

आपल्याकडच्या मुलांचं गणितच वेगळं आहे. आजी जे बोलते ते त्यांना सगळं कळतं, टोमण्यासकट. पण तेच कागदावर ठेवलं की गाडी अडते. म्हणजे कानाने मूल सहावीत आणि डोळ्याने दुसरीत. पुस्तकामागे जे 'वय ८ ते १०' छापलेलं असतं ते पुण्या-नाशिकच्या मुलांना धरून. इंदूरला तो आकडा वाचून पुस्तक घेतलं की ते कपाटात जातं. म्हणून मी प्रत्येक पुस्तक दोन कसोट्यांवर लावते: हे कानाचं की डोळ्याचं?

आपलं एक बरं आहे, हिंदीमुळे देवनागरी आयती येते. बडोद्याच्या आपल्या नातेवाइकांच्या मुलांना बाहेर सगळीकडे गुजराती लिपी दिसते, आपल्या मुलांना दुकानाच्या पाटीपासून बसच्या पाटीपर्यंत हीच अक्षरं. फक्त 'ळ' आणि 'दुसऱ्या'तला तो पापणीसारखा 'ऱ' नवा. तेवढं चार दिवसांत जमतं. खरी गंमत पुढे असते.

रविवारी सकाळी रामबागेत माझ्याकडे चार-पाच मुलं येतात. पोह्यांवर जीरावन भुरभुरून झालं, हात धुतले, की वाचायला बसायचं. एकदा चौथीतला एक जण शाळेतल्या गोष्टीतलं वाक्य अगदी खणखणीत वाचून गेला, बाईंनी त्याला शिक्षा केली, अशा अर्थाचं. मग थांबून म्हणाला, "म्हणजे कामवाली बाई पण शाळेत शिकवते?" त्याला अर्थ पूर्ण लागला होता, फक्त हिंदीतला. 'बाई' म्हणजे भांडी घासायला येणारी, 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. 'खाली' म्हणजे रिकामं, 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, 'राग' म्हणजे गाण्यातला. अक्षरं ओळखीची असल्यामुळे मूल अडखळत नाही, आणि अडखळत नाही म्हणून त्याची चूक आपल्या लक्षातही येत नाही. सुरुवातीला जोरात वाचून घ्यायचं ते एवढ्यासाठी.

पहिली-दुसरी-तिसरी: 'राधाचं घर' की फोनवरच्या फुकट गोष्टी?

माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही छोटी पुस्तकं आणि प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ, या दोनांत बहुतेक आयांची ओढाताण होते. स्टोरीवीव्हर २०१५ पासून आहे, गोष्टी फुकट, पातळ्या चार, आणि एकच गोष्ट बऱ्याचदा मराठीतही मिळते, हिंदीतही. पहिल्या पातळीवर पानाला एखाद-दुसरं वाक्य. डोळ्याच्या सरावाला उत्तम. पण अनुवाद कोणीही करू शकतो, त्यामुळे काही गोष्टी झकास मराठीत आणि काही अशा की आजी ऐकून म्हणेल, "हे कोण बोलतं असं?" आपण आधी एकदा वाचून घ्यायची, मग फोन हातात द्यायचा.

पुरंदरे यांच्या पुस्तकांत चित्रंही त्यांचीच, त्यामुळे शब्दात न आलेली गोष्ट चित्रात सापडते. राधाच्या घरातली माणसं, त्यांच्या सवयी, एवढाच ऐवज. पण भाषा घरात बोलतो तशी, अगदी तशीच. मूल वाचताना पुढचा शब्द ओळखू शकतं, कारण तो त्याने ऐकलेला असतो. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला तेव्हा आमच्याकडच्या काही मंडळींना त्यांचं नाव पहिल्यांदा कळलं, ही आपली इंदूरकरांची गत. पैसे खर्च करायचे असतील तर इथे करा. फोनवरच्या गोष्टी प्रवासासाठी ठेवा.

विंदा करंदीकरांच्या बालकविता या वयाला तुलनेशिवाय घ्याव्यात. 'राणीची बाग' १९६१ची, अजून ताजी. कविता कानाचीही आणि डोळ्याचीही. दोनदा ऐकली की पाठ होते, आणि पाठ झालेलं वाचायला कोणालाच कठीण नसतं.

चौथी ते सहावी: गोट्या, फास्टर फेणे की बोक्या?

खरी अडचण या वयाची. मूल चित्रांच्या पुस्तकाला 'बच्चों का है' म्हणून नाक मुरडतं आणि जाड पुस्तक उघडत नाही. शाळेच्या लायब्ररीतून इंग्रजीतला पत्रकार उंदीर जेरोनिमो स्टिल्टन घरी येतो, रंगीबेरंगी अक्षरांचा. त्याच्याशी भांडू नका. मूल वाचतं आहे यातच अर्धं काम झालेलं आहे.

आपल्या पिढीतले आईवडील हटकून 'गोट्या' आणतात. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या म्हणजे दुसऱ्याच्या घरात येऊन घरचाच झालेला पोरका मुलगा. आपण दूरदर्शनवर मालिका पाहिलेली, तेव्हापासून जीव अडकलेला. पुस्तक गोड आहे, पण वाक्यं जुन्या वळणाची, घर जुनं, रीतिरिवाज जुने. पाचवीतल्या इंदुरी मुलाच्या हातात नुसतं ठेवलं तर दहाव्या पानावर खूण अडकून राहते. मी स्वतः दोन घरांत ती खूण पाहिली आहे. मात्र घरात वाचून दाखवणारे आजोबा असतील, तर हेच पुस्तक महिनाभर पुरतं. ते निव्वळ कानाचं पुस्तक आहे.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, म्हणजे बनेश फेणे, फुरसुंगीचा, पुण्यात शिकणारा, सायकलवरून सुटणारा आणि 'ट्टॉक्' करणारा. मालिकेत २० पुस्तकं, त्यामुळे एक आवडलं की वर्षभराची सोय. प्रकरण संपतं तिथे कोणीतरी दाराआड उभं असतं किंवा दोर तुटत असतो. हा गुण आपण वापरून घ्यायचा. सुरुवात आपण वाचायची, आणि ऐन वेळी कुकरची शिट्टी झाली म्हणून उठायचं. पुस्तक उघडंच टेबलावर. पोळ्या होईपर्यंत पोरगा दोन पानं पुढे गेलेला असतो, न कळलेले शब्द ओलांडून. न कळलेले शब्द ओलांडता येणं ही वाचनातली मोठी पायरी, आणि ती फेणेसारखं पळणारं पुस्तकच चढवतं.

याची कमजोर बाजू म्हणजे काळ. त्यातलं पुणं, त्यातला फोन, त्यातल्या लढाया आपल्या आईवडिलांच्या काळातल्या. शिवाय २०१७चा चित्रपट आधी पाहिला असेल तर मूल गोंधळतं, कारण पडद्यावरचा फेणे मोठा झालेला, मेडिकलच्या प्रवेश परीक्षेतला घोटाळा शोधणारा. पुस्तकातला शाळकरी आहे, हे आधीच सांगून टाका.

दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे मात्र मी अलीकडे सगळ्यांत आधी सुचवते. तो मुळात आकाशवाणीसाठी लिहिलेला, म्हणून संवाद भरपूर आणि वाक्यं तोंडात बसणारी. फ्लॅटमधलं घर, शेजारी, शाळा, कुणाची तरी जिरवायची आणि शेवटी कुणाच्या तरी उपयोगी पडायचं. फेणेइतकी धावपळ नाही, पण प्रत्येक गोष्ट स्वतंत्र, एका बैठकीत संपणारी. आणि 'संपवलं' असं म्हणता येणं या वयात फार मोलाचं. माझ्याकडची सहावीतली एक मुलगी बोक्याचे संवाद भावाबरोबर पात्रं वाटून वाचते. भाऊ हिंदी हेल काढून वाचतो, ती त्याला रागावते. कान आणि डोळा दोन्ही कामाला लागतात ते असे.

तर क्रम असा: स्वतः वाचायचं असेल तर आधी बोक्या, सहा महिन्यांनी फेणे. आजोबा वाचून दाखवणार असतील तर गोट्या आजच. आणि मूल पुस्तक म्हटलं की पळतच असेल तर चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या 'चिंटू'चे संग्रह. १९९१ मध्ये 'सकाळ'मध्ये सुरू झालेली ती चित्रमालिका, एक विनोद तीन-चार चौकटींत. याला वाचन म्हणायचं का, असं मला एका वडिलांनी विचारलं होतं. त्यांच्या मुलाने त्या उन्हाळ्यात तीन संग्रह संपवले, एवढंच मी सांगू शकते.

सातवी-आठवी: 'श्यामची आई' की 'तोत्तोचान'?

'श्यामची आई' हे घरचं देवघर आहे, त्यामुळे त्याबद्दल सरळ बोलायला लोक कचरतात. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या गोष्टी ४२ रात्रींत मांडलेल्या आहेत. एका रात्री एक, अशाच त्या ऐकायच्या आहेत. सातवीतल्या मुलाला 'वाच, संस्कार होतील' म्हणून देऊ नका. त्यातले कोकणातले शब्द आपल्या माळव्यातल्या मुलांना परके. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मारते, तिथे माझ्याकडच्या मुलांनी एकदम विचारलं, "आणि तरी ती चांगली आई?" त्या प्रश्नावर आमची पाऊण तास चर्चा झाली. एकट्याने वाचलं असतं तर तो प्रश्न मनातच राहिला असता. शेवट आईच्या मृत्यूचा आहे, हेही आधी लक्षात घ्या. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर थोडं थांबा.

तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेच्या 'तोत्तोचान'मध्येही एक मूल आहे आणि एक मोठं माणूस, पण तिथे आईच्या जागी मुख्याध्यापक. एका शाळेने काढून टाकलेली मुलगी, रेल्वेच्या डब्यांत भरणारी दुसरी शाळा, आणि पहिल्याच दिवशी चार तास तिचं बोलणं ऐकून घेणारे कोबायाशी. प्रकरणं दोन-तीन पानांची. शेवटी ती शाळा युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात जळते, म्हणजे दुःख इथेही आहे, पण मूल स्वतः वाचत वाचत तिथवर पोचतं. अनुवादाची मराठी सरळ आहे, दर वाक्याला थांबावं लागत नाही.

आणि इंदूरसाठी आणखी एक फायदा. हेच पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टचं हिंदीतही मिळतं. लिपी तीच. एक प्रकरण त्याने हिंदीत वाचायचं, पुढचं तुम्ही मराठीत ऐकवायचं, मग अदलाबदल. गोष्ट कळलेली असते, म्हणून मराठी शब्द अंदाजाने उलगडत जातात. आमच्याकडे दोन घरांत हा प्रयोग चालला, एका घरात आईलाच कंटाळा आला.

माझा कौल: हातात द्यायला 'तोत्तोचान', ऐकवायला 'श्यामची आई'. एकच घ्यायचं असेल आणि रात्री वाचून दाखवायला तुम्हाला खरंच वेळ नसेल, तर 'तोत्तोचान'. अपराधी वाटून घेऊ नका.

'श्यामची आई' घेताना आवृत्ती मात्र उघडून पाहा. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकानंतर ६० वर्षं राहतो, त्यामुळे २०११ पासून ती कोणीही छापू शकतं. बाजारात स्वस्त आवृत्त्या पुष्कळ. मी एक घरबसल्या मागवली, तर अक्षर मुंगीएवढं आणि कागद असा की मागच्या पानाच्या ओळी पुढे दिसाव्यात. ज्या मुलाला 'ळ' आत्ता कुठे ओळखता येतो, त्याच्यासाठी ती शिक्षाच, मराठीतली.

मासिकाचं थोडक्यात. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. एकलव्य संस्थेचं हिंदी 'चकमक' भोपाळहून १९८५ पासून. चित्रं आणि मुलांचं स्वतःचं लिखाण यांत 'चकमक' सरस, मराठीच्या सवयीसाठी 'किशोर'. 'चकमक'ची वर्गणी भरा, 'किशोर'चे जुने दिवाळी अंक सुट्टीत उघडून द्या. पैसे दोन्हींना नाही, एकालाच लागतात.

मिळायचं कुठे, हा प्रश्न राहतोच. खजुरी बाजारात पाठ्यपुस्तकं आणि हिंदी ढिगाने, मराठी बालसाहित्य क्वचित. मी पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला यादी पाठवते. बाकरवडी नको, पुस्तकं आणा. बहुतेक जण दोन्ही आणतात.

भाचीचा मुलगा पाचवीत जाणार आहे. तिला बोक्याचे दोन भाग आणि चिंटूचा एक संग्रह सांगितला. ती जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि श्यामची आई? सासूबाई विचारतील गं."

"ती विकत नको घेऊस. माझ्याकडची मोठ्या टाइपातली घेऊन जा," मी म्हटलं, "आणि सासूबाईंनाच वाचून दाखवायला सांग."

"त्यांचा चष्मा बदलायचा आहे," ती म्हणाली.

म्हणजे आधी चष्मा.