विमान चढत नाही: २२०० केव्ही की १००० केव्ही?

रिमोटवरचा थ्रॉटल (मोटरचा वेग ठरवणारी स्टिक) टोकाला, मोटर जिवाच्या आकांताने ओरडतेय आणि आपलं रिमोटवरचं छोटं विमान बाभळीच्या शेंड्याएवढं वर जाऊन तिथेच नाक वर करून लोंबकळतंय. हे ज्यांनी अनुभवलंय त्यांच्यासाठी लिहितोय. अशा वेळी मैदानावर सल्ला एकच मिळतो: मोटर बदल. मग घोडं अडतं ते २२१२ मापाच्या मोटरच्या दोन भावंडांपाशी. केव्ही म्हणजे दर व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा. २२०० केव्हीला सहा इंची प्रॉप (प्रॉपेलर) लावायचा, की १००० केव्हीला दहा इंची?

मी दोन्ही उडवल्यात, त्याही एकाच विमानावर. सनबोर्डचं (फोमच्या शीटचं) ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, पंख मीटरभर, बॅटरीसकट वजन पाऊण किलोच्या आसपास, ३एस लिपो म्हणजे तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी, आणि मोटरचा वेग सांभाळणारा ३० अँपिअरचा ईएससी. वॉटमीटर माझ्याकडे नाही, त्यामुळे पुढे जे सांगतोय ते डोळ्यांनी, कानांनी आणि मोटरवर ठेवलेल्या बोटाने मोजलेलं आहे. तुमचं विमान याहून फार वेगळं असेल तर ते जसंच्या तसं लागू पडेलच असं नाही.

पण पैसे घालवण्याआधी थांबा. आमच्याकडे 'चढत नाही' म्हणून आलेल्या विमानांपैकी निम्म्यांना नवी मोटर लागलीच नाही. एकाचा प्रॉप उलटा होता. प्रॉपवरची अक्षरं विमान ज्या दिशेला जातं तिकडे हवीत, मोटर मागे बसवलेली असली तरीही. गंमत अशी की उलटा बसवलेला प्रॉपसुद्धा विमानाला पुढेच नेतो, फक्त ताकद जाते. म्हणून चूक चटकन लक्षात येत नाही. दुसऱ्याने ईएससी कॅलिब्रेटच केला नव्हता, म्हणजे स्टिकची दोन्ही टोकं त्याला शिकवलीच नव्हती. स्टिक टोकाला गेली तरी ईएससीच्या हिशेबाने थ्रॉटल पाऊणच. मोटर सुरू होताना जागच्या जागी थरथरत असेल तर तीनपैकी एका वायरचं सोल्डर सुटलंय का ते आधी बघा. आणि ती कोलेट, प्रॉपला मोटरच्या शाफ्टवर आवळून धरणारी बाही! नट घट्ट असतो, पण कोलेट शाफ्टवर घसरत असते. आवाज चढतो आणि ओढ उतरते. पर्मनंट मार्करने शाफ्ट आणि कोलेट दोन्हींवर मिळून एक सरळ रेघ मारा आणि विमान उडवून आणा. रेघ तुटली असेल तर चोर सापडला.

एवढं करूनही चढत नसेल, तर मग बोलू.

२२०० केव्हीचा आवाज माणसाला फसवतो. ती किंकाळी ऐकून वाटतं, बापरे, काय ताकद आहे! मीही त्यालाच भुललो होतो. पण ढोबळ गणित मांडून बघा. उडताना ही मोटर मिनिटाला सतरा हजारांच्या आसपास फेरे घेत असेल आणि प्रॉपचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकायचं अंतर, चार इंच असेल, तर प्रॉप विमानाला ताशी शंभर किलोमीटरने पळवायला बघतोय. १००० केव्हीचे फेरे आठ हजारांच्या घरात आणि पिच साडेचार इंच, म्हणजे ताशी पंचावन्न. आता आपलं ट्रेनर चढताना जातं किती वेगाने? माझ्या अंदाजाने तीस-पस्तीस. सहा इंची प्रॉप हवेची बारीक धार प्रचंड वेगाने मागे फेकतो, दहा इंची भरपूर हवा सावकाश ढकलतो, आणि हळू उडणाऱ्या विमानाला हा दुसरा प्रकारच मानवतो. पहिला म्हणजे साखरप्याहून आंबा घाट चौथ्या गिअरमध्ये चढायला घेतल्यासारखं आहे.

तरीही २२०० ने विमान चढत नव्हतं असं मी म्हणणार नाही. नवी बॅटरी आणि सकाळची गार हवा असली की बऱ्यापैकी चढायचं. सरळ उडवताना तर मजाच यायची. माझं मन उडालं ते वेगळ्याच कारणाने.

बॅटरी जरा जुनी झाली, चाळीस-पन्नास वेळा चार्ज झाली असेल, तेव्हा एक नवीनच दुखणं सुरू झालं. हँड लाँच व्यवस्थित, पहिली फेरी व्यवस्थित. मग उंची घ्यायला थ्रॉटल पूर्ण दिला की नारळाच्या उंचीवर मोटर टप्पदिशी बंद. स्टिक खाली आणून परत वर नेली की पुन्हा चालू. पण मधल्या दीड-दोन सेकंदांत नाक वर असलेल्या विमानाचा वेग संपलेला असायचा, एक पंख पडायचा आणि विमान गिरकी घेत खाली. मी मोटरला दोष दिला, दुसरी बसवली. मग सोल्डरिंगवर संशय घेतला, तिन्ही बुलेट कनेक्टर नव्याने लावले. रिसीव्हरही बदलून बघितला. दोन-तीन रविवार त्यातच गेले.

दोष यातल्या कशाचाच नव्हता. ही मोटर पूर्ण थ्रॉटलला इतका करंट ओढायची की थकलेल्या बॅटरीचं व्होल्टेज तेवढ्यापुरतं बसायचं. बहुतेक ईएससी दर सेलला ३ व्होल्टच्या आसपास आले की बॅटरी वाचवायला मोटर बंद करतात. बॅटरी संपलेली नसायची, खाली आणून मोजली की अकरा व्होल्टच्या वर दाखवायची. म्हणून तर कळत नव्हतं. ईएससीच्या सेटिंगमध्ये मोटर एकदम बंद करण्याऐवजी हळूहळू ताकद कमी करायची सोय असते. ती लावल्यावर गिरक्या थांबल्या, पण चढाई पुन्हा मेंगळटच.

त्या काळातली एक संध्याकाळ विसरता येत नाही. आमचं उडवायचं रान सांगलीजवळ, आणि त्याच्या दोन बाजूंना उभा ऊस. विमान गिरकी घेत उसात गेलं. बारा महिन्यांचा ऊस, आत हातभर लांबचं दिसत नाही. भाच्याला बांधावर रिमोट घेऊन उभं केलं. थ्रॉटल शून्यावरच ठेव, बाकीची स्टिक नुसती हलवत राहा, असं बजावलं आणि मी सर्वोचं (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरचं) किरकिरणं ऐकत सरीतून वाकून निघालो. पाल्याने दोन्ही हात आणि मान सोलून निघाली. तासाभराने अगदी बारीक किर्र-किर्र ऐकू आली. विमान वाढ्यांवर अलगद बसलेलं, प्रॉपसुद्धा शाबूत. पुढच्या आठवड्यात मी १००० केव्ही आणली.

तीच थकलेली बॅटरी, तोच ईएससी. मोटर एकदाही मध्येच बंद पडली नाही. आवाज पंख्यासारखा, सुरुवातीला तर वाटलं थ्रॉटल पूर्ण गेलाच नाही. पण हातात धरून थ्रॉटल दिला तेव्हा विमानाने हात पुढे ओढला, आणि सोडलं तर विमान नारळ ओलांडूनही चढतच राहिलं. उतरल्यावर मोटरला बोट लावलं तर पाच-सहा सेकंद ठेवता आलं. २२०० ला दोनच्या पुढे कधी जमलं नव्हतं. एका चार्जमध्ये उडायला वेळही जास्त मिळतो, माझ्या घड्याळाने तीनेक मिनिटं.

उन्हाळ्यात हा फरक आणखी जाणवतो. ४२ अंशांना हवा १५ अंशांच्या तुलनेत आठ-नऊ टक्के विरळ असते. पंखालाही ती कमी मिळते आणि प्रॉपलाही. मे महिन्यात दुपारी 'कालपर्यंत चढत होतं' म्हणणाऱ्यांनी आधी सकाळी सहाला उडवून बघावं.

१००० केव्हीचे त्रासही सांगायला हवेत. दहा इंची प्रॉप जमिनीला लागतो. चाकं नसतील तर पोटावर उतरताना तो आडवा थांबला तर ठीक, उभा राहिला तर गेला. म्हणून मी रबरी रिंग लावायचा प्रॉप सेव्हर वापरतो. मोठ्या प्रॉपला झटका मोठा, त्यामुळे कोलेट घसरायचा धोकाही याच मोटरला जास्त. प्रॉपसोबत येणाऱ्या प्लॅस्टिकच्या रिंगांपैकी बरोबर मापाची निवडली नाही तर सगळं विमान थरथरतं. आणि हे प्रॉप ड्रोनसाठी जोडीने विकले जातात. त्यातला आर लिहिलेला उलट फिरवायचा असतो. तो लावायचा तर मोटरच्या कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा, पण मग प्रॉपच्या फिरण्याने होणारी ओढ सावरायला मोटरला उजवीकडे दिलेला कोन चुकीच्या बाजूला पडतो आणि चढताना विमान उजवीकडे ओढू लागतं. तो प्रॉप ड्रोनवाल्या मित्राला देऊन टाकलेला बरा.

वाऱ्यात मात्र २२०० ला मानावं लागेल. ढालगावकडच्या माळावर एकदा गेलो होतो. त्या भागात पवनचक्क्या उगीच नाहीत. १००० वालं ट्रेनर वाऱ्यापुढे जागच्या जागी उभं राहिलं, तर भाच्याचं छोटं तिकोनी डेल्टा विंग २२०० वर सूं करत वारा कापत गेलं. लहान, हलकं, वेगवान विमान असेल किंवा मागे प्रॉपला जागाच सहा इंचांची असेल, तर प्रश्नच मिटला. १४०० केव्हीला आठ इंची, हा मधला मार्गही वाईट नाही. चाकं बुटकी असतील तर तो बघा.

फक्त दोन्हींचा फायदा एकदम उचलायला जाऊ नका. भाच्याने २२०० ला दहा इंची प्रॉप लावला होता. मी नको म्हणेपर्यंत त्याने थ्रॉटल दिलासुद्धा. आधी जळक्या वार्निशचा वास आला, मग ईएससीमधून धूर. ती मोटर अजून त्याच्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. डेल्टासाठी त्याला दुसरी हवी होती, तेव्हा मी माझी २२०० देऊन टाकली. परत मागायची वेळ आलेली नाही.