रिकॉम्बिनंट क्लॉटिंग फॅक्टर मागवले त्याचा अनुभव : पट्टी झकास, गुठळीच्या नावाने बोंब

तीन व्हायल मागवल्या होत्या, थ्रॉम्बिन, फॅक्टर नाइन आणि टिश्यू फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवायला लागणारी प्रोटीन, सगळे रिकॉम्बिनंट (दुसऱ्या पेशीत जीन घालून बनवलेले), एकाच कंपनीचे. नाव लिहीत नाही कारण निम्मी चूक माझीच आहे, पण उरलेली निम्मी त्यांची आहे आणि तीच सांगायला बसलोय.

पार्सल मस्त आलं, आत ड्राय आइस शिल्लक होता, सीओए, म्हणजे तपासणीचं सर्टिफिकेट, सोबत. आधी आम्ही प्लाझ्मातून (रक्तातल्या पेशी वगळून उरलेल्या द्रवातून) काढलेले फॅक्टर वापरायचो, त्यात दुसऱ्या कुठल्यातरी फॅक्टरचा अंश राहून जातो आणि मग रिझल्ट नक्की कोणामुळे आला यावर अर्धा दिवस वाद, ती कटकट जाईल म्हणून इकडे वळलो.

आता फॅक्टर नाइन. डेटाशीटवर ठळक अक्षरात शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर, जेलवर (प्रोटीन आकारानुसार वेगळी होतात त्यावर) एकच पट्टी, वेस्टर्नला (अँटीबॉडीने प्रोटीन ओळखायच्या चाचणीत) अँटीबॉडी लगेच धरते. खूश! मग फॅक्टर नाइन नसलेल्या प्लाझ्मात टाकून एपीटीटी, म्हणजे गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ती चाचणी, लावली. नॉर्मल प्लाझ्मा ३० सेकंदांच्या आसपास जमतो, इथे मी ३७ डिग्रीच्या वॉटर बाथपाशी उभा राहून ट्यूब तिरकी करतोय, सरळ करतोय, पुन्हा तिरकी, आणि आत आपलं पाणीच पाणी. नुसत्या डेफिशियंट प्लाझ्माला लागतो तेवढाच वेळ. डोस दुप्पट केला, तेच. कॅल्शियम क्लोराइड नवीन बनवलं, तेच. शेवटी डेटाशीट खालपर्यंत वाचली तर शेवटून दुसऱ्या ओळीत बारीक टाइपात होस्ट: ई. कोलाय. म्हणजे प्रोटीन बॅक्टेरियात बनवलेलं. कपाळाला हात लावला.

कोणी नवीन असेल तर सांगतो, फॅक्टर नाइनच्या ग्ला डोमेन नावाच्या भागात १२ ग्लुटामिक अ‍ॅसिड असतात, त्यांच्यावर व्हिटॅमिन केच्या मदतीने एकेक जादा कार्बॉक्सिल बसावा लागतो, तेव्हा कुठे ते कॅल्शियम धरतं आणि मग फॉस्फोलिपिडवर (पेशीच्या आवरणातल्या चरबीवर) जाऊन बसतं. ई. कोलायकडे हे काम करणारं एन्झाइमच नाही. म्हणजे सस्तन पेशीत बनवलेलं घ्यायचं, आणि तेही पेशी वाढवायच्या मीडियात व्हिटॅमिन के होतं का हे विचारून, कारण प्रोटीन फार जोरात बनायला लागलं की त्या पेशींचं हे एन्झाइम, कार्बॉक्सिलेज, तेही मागे पडतं आणि अर्धवट तयार झालेला माल बाहेर येतो. फॅक्टर सेव्हन, टेन, प्रोथ्रॉम्बिन सगळ्यांचं हेच. होस्ट न बघता ऑर्डर दिली ही माझी चूक, मान्य. पण ॲक्टिव्हिटी तपासलेली नाही एवढे चार शब्द शुद्धतेच्या आकड्याशेजारी लिहायला काय जातं? सपोर्टला मेल केला तर तीच पीडीएफ परत आली.

थ्रॉम्बिनची गोष्ट वेगळी. त्याला ॲक्टिव्हिटी दिलेली होती, पण फक्त क्रोमोजेनिक सबस्ट्रेटवरची, म्हणजे तुटला की रंग देणाऱ्या छोट्या रेणूवरची. ४०५ नॅनोमीटरला पिवळा रंग आमच्या जुन्या थ्रॉम्बिनइतकाच चढला, फायब्रिनोजेनमध्ये (ज्याची गुठळी बनते त्या प्रोटीनमध्ये) टाकलं तर गुठळी व्हायला जवळपास दुप्पट वेळ. थ्रॉम्बिन स्वतःलाच कापत बसतं, आणि त्याचं असं कापलेलं रूप, गॅमा थ्रॉम्बिन, झालं की छोटं सबस्ट्रेट तोडतं पण फायब्रिनोजेनवर त्याचं काही चालत नाही. जेल चालवलं तर मुख्य पट्टीखाली फिकट पट्ट्या दिसल्याच. डेटाशीटवरचा जेलचा फोटो कुठल्या लॉटचा ते लिहिलेलंच नाही! थ्रॉम्बिन घेताना एनआयएच युनिट मागा, ते गुठळीवरूनच ठरतं. आणि पातळ केलं की ते ट्यूबच्या भिंतीला चिकटतं, बफरमध्ये ०.१ टक्का पेग ८००० (पॉलिएथिलीन ग्लायकॉल) घाला नाहीतर दुपारपर्यंत निम्मं गायब.

टिश्यू फॅक्टर मात्र एक नंबर. तोही ई. कोलायचाच, पण त्याला ग्ला डोमेन नाही, सस्तन पेशी लावतात त्या साखरेच्या साखळ्या नसल्या तरी अडत नाही. लिपिडमध्ये बसवूनच आला होता, पीटी (गुठळीच्या वेळेचीच दुसरी चाचणी) लावली, १२ सेकंदांत गच्च, तीन दिवस रोज तेच.

टिश्यू फॅक्टर पुन्हा मागवलाय, थ्रॉम्बिन नाही. फॅक्टर नाइन फेकवत नाही म्हणून वेस्टर्नला स्टँडर्ड म्हणून लावतो, पट्टी काय सुंदर येते त्याची.