बाजारातलं बिऱ्हाड की ले-आउटमधलं रोहाऊस? नाशकात घर घेताना चोरीचाही विचार करा

घर बघताना पाणी, शाळा, कंपनीची बस सगळं विचारून होतं. चोरीचा विषय 'एरिया चांगला आहे ना?' एवढ्यावरच संपतो. त्यापेक्षा तिथे कोणत्या वेळी माणसं असतात ते बघा. कोहेन आणि फेल्सन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की चोरीला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: चोरी करू पाहणारा, नेण्याजोगी वस्तू आणि लक्ष ठेवणाऱ्याचा अभाव.

रविवार कारंजा, मेन रोडकडे खाली गाळे, वर बिऱ्हाडं. भरदुपारी कुणी कडी-कोयंडा तोडायला लागला तर समोरच्या दुकानातून दिसतं. इथली भीती दुचाकीची आणि गर्दीत मोबाईलची. रस्त्यावरच्या गाड्यांतली कोण कुठली नेतोय, कुणी विचारत नाही. मात्र वर कुणी राहतच नसेल, तर शटर पडल्यावर तीच गल्ली ओस पडते.

पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगावकडच्या नव्या ले-आउटमध्ये हवा, मोकळी जागा, मुलांना खेळायला अंगण; मलाही ते आवडतं. पण नवरा-बायको दोघं अंबड-सातपूरच्या कंपन्यांत कामाला गेले की दिवसभर गल्लीत चिटपाखरू नसतं. फाटकाला बाहेरून कुलूप, पायरीवर सकाळचा पेपर तसाच पडलेला: घरात कुणी नाही हे रस्त्यावरूनच कळतं. त्यात मागचा प्लॉट रिकामा आणि झुडपांनी भरलेला असेल तर खिडकीचे गज कापायला निवांत वेळ मिळतो. हायवे जवळ असणं तुमच्या सोयीचं, तसंच सोनसाखळी ओढून पळणाऱ्याच्याही.

माझ्या मते घरफोडीची भीती जास्त धरावी. गाडीच्या विम्यात चोरी धरलेली असेल तर भरपाई मिळते, आईच्या पाटल्यांना बहुतेक घरांत विमाच नसतो. भारतीय न्याय संहितेतही साध्या चोरीला ३ वर्षांपर्यंत, तर राहत्या घरातल्या चोरीला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

म्हणून दोघंही नोकरीला असाल तर खाली किराणा, मेडिकल आणि वर राहती कुटुंबं असलेली गल्ली घ्या. पार्किंगला फाटक हवंच. घरात आजी-आजोबा असतील तर ले-आउट खुशाल घ्या, फक्त मागच्या बाजूला बांधकाम झालेलं असावं. टोकन देण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी अकराला आणि रात्री दहाला तिथे चक्कर मारा. रविवारी एजंट दाखवतो तेव्हा सगळेच घरी असतात.